‘याला काय जंगल म्हणायचं?’ सांता फेजवळच्या पिन्योन-ज्युनिपर रानाबद्दल

प्रश्न: नोकरीनिमित्त न्यू मेक्सिकोत सांता फेला आलो. नागपूरहून आई-बाबा जूनच्या सुरुवातीला आलेत, डिसेंबरपर्यंत आहेत. बाबांना जंगलाचं वेड, ताडोबा-पेंच पालथं घातलेलं. गेले तीन रविवार गावाबाहेरच्या टेकड्यांवर गेलो, तर बुटकी झाडं, दगड, धूळ आणि दोन सरडे. बाबा म्हणतात, ‘याला काय जंगल म्हणायचं?’ इथे खरंच काही राहतं का? कधी आणि कसं पाहायचं? अंगणात दाणे टाकले तर पक्षी येतील का?

उत्तर:

बाबांना माझा नमस्कार सांगा. १९ वर्षांपूर्वी पक्षी मोजायला पहिल्यांदा या रानात उतरलो तेव्हा मीही असंच काहीतरी म्हणालो होतो, हेही सांगा. मी मूळचा माणदेशातला, कोरडं रान मला नवं नव्हतं. तरी दोन तास चालून माझ्या वहीत चार नोंदी होत्या आणि त्यांतली एक रस्त्यावर मेलेल्या सशाची होती.

तुम्ही गेलात जूनमध्ये, आणि रविवार म्हणजे न्याहारी उरकून दहा-अकराला. इथला जून म्हणजे आपला ऐन वैशाख. वसंतातल्या वाऱ्याने जमिनीतली उरलीसुरली ओल नेलेली असते आणि पाऊस जुलै उजाडल्याशिवाय येत नाही. सांता फेला वर्षाकाठी बर्फ धरून साधारण ३५० मिलिमीटर पडतो, आमच्या माणातही याहून जास्त पडतो. त्यातला जवळपास निम्मा जुलै ते सप्टेंबरमधला. अशा रानात जूनच्या दुपारी बाहेर दिसतो तो एकतर सरडा, नाहीतर पाहुणा.

पण वेळ बदलून भागायचं नाही. ताडोबात आपण पाणवठ्यावर जाऊन थांबतो, वानर खेकसलं की मान वळवतो. इथे तसा पाणवठाच नाही. मैलोन्मैल एकसारखी झाडं, आणि जनावर कुठेही असू शकतं. म्हणून मी रानात उतरलो की आधी जनावर शोधत नाही. झाडाखाली उभा राहून वर बघतो आणि विचारतो, यंदा पिकलंय का? इथलं सगळं त्या एका उत्तरावर हलतं.

झाडं दोनच ओळखा. साधारण १,५०० ते २,२०० मीटर उंचीच्या पट्ट्यात ही जोडी सापडते. जमिनीपासूनच चार-पाच खोडं फुटलेला, दोरखंडासारख्या सालीचा, खवल्यांसारख्या पानांचा तो ज्युनिपर. त्याला निळसर फळं येतात, ती खरं तर मांसल शंकू असतात. दुसरा पिन्योन. सुया दोन-दोनच्या जुडीत, शंकू मुठीत मावेल एवढा आणि राळेने चिकट. त्यातली बी सोलून खा, चव ओळखीची वाटेल. आपण महागामोलाने घेतो तो चिलगोजा हिमालयातल्या याच्याच भाऊबंदाचा. झाड बुटकं म्हणून कोवळं समजू नका. माझ्या सर्वेक्षणाच्या रेषेवर पुरुषभर उंचीचे ज्युनिपर आहेत, ते शिवाजी महाराजांच्या काळातले असले तरी मला नवल वाटणार नाही.

पिन्योन दरवर्षी पिकत नाही. कळीपासून बी तयार व्हायला दोन वर्षांहून जास्त लागतात, म्हणजे तीन उन्हाळे. आणि भरघोस पीक चार-सात वर्षांतून एकदा. मधली वर्षं नुसती सुई आणि राळ. एका डोंगरावर पिकलं की शेजारच्यावर पिकेलच असंही नाही. या बीला पंख नसतात, वारा ती नेऊ शकत नाही. मग झाड पसरतं कसं? कावळ्याच्या कुळातल्या एका पक्ष्याच्या गळ्यातून.

तो पिन्योन जे. एवढी एकच गोष्ट आई-बाबांना दाखवलीत तरी माझं हे उत्तर वसूल झालं. एका सप्टेंबरात सेरियोसच्या टेकड्यांवर सकाळी सातला झाडाला पाठ टेकून बसलो होतो. आधी आवाज आला, नाकातून हसल्यासारखा, ‘हा-आ-आ’, आणि तो एकाचा नव्हे. मग मळकट निळ्या रंगाचे, साळुंकीहून जरा थोराड, दीडशेएक पक्षी माझ्याभोवतीच्या झाडांवर उतरले. काही शेंड्यांवर बसून राहिले, ते पहारेकरी. बाकीचे शंकूंना भिडले. चार-पाच मीटरवर एकाने बी उपसून चोचीत धरली आणि चोच भराभर उघड-मीट करून टकटक वाजवली. आपण नारळ कानाशी हलवून बघतो ना, तसं. ती टाकून दिली, दुसरी घेतली. तो गेल्यावर खाली पडलेली बी उचलून फोडली तर पोचट. तेव्हापासून मीही त्याचाच नियम पाळतो: गडद तपकिरी टरफल म्हणजे भरलेली बी, फिकट म्हणजे बहुधा पोकळ.

गिळलेल्या बिया तो पोटात घालत नाही, फुगणाऱ्या अन्ननलिकेत साठवतो. चाळीस-पन्नास मावतात, गळा गलगंड झाल्यासारखा दिसतो. मग सगळा थवा उडून कित्येक किलोमीटर दूर जातो आणि उघड्या, लवकर बर्फ वितळणाऱ्या जमिनीत त्या एकेक करून पुरतो. हिवाळाभर हीच शिदोरी. जागा त्याच्या लक्षात राहतात, हजारोंच्या संख्येने. फ्लॅगस्टाफच्या नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठात रसेल बाल्डा यांनी या स्मरणशक्तीवर आयुष्यभराचं काम केलं. उकरायच्या राहिलेल्या बिया पावसात रुजतात. त्याच्या नाकपुड्यांवर पिसं नाहीत, बाकी बहुतेक कावळेकुळाला असतात. राळेत चोच खुपसणाऱ्याने मिश्या ठेवून कसं चालेल? विणीचा हंगामही साठ्यावरच. फेब्रुवारी-मार्चमध्ये भोवती बर्फ असताना घरटी होतात, बहुतेक झाडाच्या दक्षिण अंगाला, कोवळ्या उन्हात. पीक भरघोस असेल तर उन्हाळ्याच्या शेवटी हिरवे शंकू दिसल्यावर पुन्हा एकदा विणीला लागल्याचं पाहिलं गेलं आहे.

हा पक्षी झपाट्याने कमी होतोय. पन्नासएक वर्षांत सुमारे ८० टक्क्यांनी घटला, आणि २०२२ मध्ये त्याला अमेरिकेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्याखाली घ्यावं असा अर्ज झाला. कारणांवर एकमत नाही, पण एक तुम्ही स्वतः बघू शकता. लॉस अलामोस आणि बँडेलियरच्या पठारांवर जा. जमिनीवर करडे ओंडके पडलेत, ते २००२-०३ च्या दुष्काळातले पिन्योन. तिथल्या एका अभ्यासाच्या जागेत ९० टक्क्यांहून जास्त मेले, शेजारचे ज्युनिपर मात्र बहुतेक तगले. पिन्योन दुष्काळात आपलं दुकान लवकर बंद करतो: पानांची छिद्रं मिटतो, पाणी वाचवतो, पण अन्न बनवणंही थांबतं. ज्युनिपर उधारीवर का होईना, धंदा चालू ठेवतो. उपाशी पिन्योनकडे राळ उरत नाही, आणि राळ हेच त्याचं हत्यार. तांदळाच्या दाण्याएवढा सालकिडा खोडात घुसला की निरोगी झाड राळेच्या लोंढ्याने त्याला बाहेर ढकलतं. खोडावर मक्याच्या लाहीसारखे गोळे दिसले तर तिथे ही झुंज झाली असं समजा. लालसर भुसा दिसला तर झाड हरलं.

पिकाच्या सालाची एक काळी बाजूही आहे, ती सांगायलाच हवी. १९९३ च्या मे महिन्यात न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि युटा जिथे मिळतात त्या भागात धडधाकट तरुण माणसं ताप येऊन श्वास कोंडून दगावू लागली. तो हंटाव्हायरस निघाला. हरिणउंदीर म्हणून एक पांढऱ्या पोटाचा लहानसा उंदीर आहे, त्याच्या मूत-लेंड्यांतून तो पसरतो. त्याआधी एल निन्योमुळे पाऊस-बर्फ चांगला झाला होता, बीबियाणं मुबलक होतं आणि उंदीर माजले होते. चांगल्या पावसाच्या, भरपूर पिन्योनच्या सालात उंदीर वाढतात आणि ते घरात येऊ देऊ नयेत, हे तिथल्या नवाहो आदिवासींतल्या वृद्ध मंडळींना ठाऊकच होतं. म्हणून केबिन भाड्याने घेतलीत आणि कोपऱ्यात लेंड्या दिसल्या तर झाडू मारायचा नाही. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा, ब्लीचच्या पाण्याने भिजवा, हातमोजे घालून पुसून घ्या. आईंना हे आवर्जून सांगा. आपल्याकडच्या बायका नव्या जागेत शिरल्या की पहिला हात केरसुणीला घालतात.

आता उंदरांतल्या वाण्याकडे येतो, साठेबाज वूडरॅटकडे. ज्युनिपरच्या बुंध्याशी किंवा खडकाच्या कपारीत काटक्या, शेणाच्या गोवऱ्या, हाडं, निवडुंगाचे काटेरी तुकडे, बाटल्यांची झाकणं यांचा ढिगारा दिसला तर ते याचं घर. यांच्यातली एक जात जवळजवळ ज्युनिपरच्या पानांवरच जगते. ती पानं तेलकट आणि विषारी, बाकीचे प्राणी तोंड लावतील तेवढंच. पहिल्या वर्षी दमून अशाच एका ढिगाऱ्याला पाठ टेकली होती. चोया नावाच्या निवडुंगाचे काटे चिमट्याने काढायला सहकाऱ्याला तासभर लागला, आणि तो पूर्ण वेळ हसत होता. पुढे माझ्या ट्रकच्या इंजिनात याच मंडळींनी घर केलं आणि वायरी कुरतडल्या. इथे रात्री गाडीचं बॉनेट उघडं ठेवलेलं दिसलं तर गाडी बिघडली समजू नका. उंदराला अंधार आणि आडोसा मिळू नये म्हणूनची ती युक्ती आहे.

पण या कचऱ्याचं मोल फार मोठं. हा उंदीर आपल्या ढिगाऱ्यावर मुततो, कोरड्या हवेत ते मूत आटून मधासारख्या पिवळट, चकचकीत स्फटिकात गोठतं. कपारीत पाऊस लागला नाही तर आतली पानं, बिया, सुया जशाच्या तशा राहतात, हजारो वर्षं. काही ढिगारे ४० हजार वर्षांहून जुने आहेत. १८४९ मध्ये सोन्याच्या नादाने नेवाडातून चाललेल्या एका भुकेल्या टोळीने ही खडीसाखरेसारखी वस्तू चाखून पाहिली. गोडसर लागली, मग मळमळ सुटली. १९६० च्या दशकापासून शास्त्रज्ञ हे ढिगारे पाण्यात विरघळवून आतल्या सुया ओळखू लागले आणि रानाचा इतिहास हाती आला. आज जिथे तुम्ही फिरता तिथे हिमयुगात पिन्योन नव्हता. तो दक्षिणेला होता, हवा तापत गेली तसा बीया-बीयाने उत्तरेला सरकला. वाहून आणणारे बहुधा तेच निळे पक्षी.

मोठ्या जनावरांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती इथली खरी मजा नव्हे. गाढवासारख्या कानांचं म्यूल हरीण पहाटे हमखास दिसतं. पिकाच्या सालात काळं अस्वल वरच्या जंगलातून बियांसाठी खाली उतरतं. प्यूमा, म्हणजे इथलं मोठं रानमांजर, आहे; मी १९ वर्षांत तीनदा पाहिला, तिन्ही वेळा पाठमोरा. त्याने मला किती वेळा पाहिलं असेल याचा हिशेब मी करत नाही. साळिंदर आपल्याकडच्यासारखं बिळात नाही, झाडावर चढून बसलेलं असतं. हिवाळ्यात ते पिन्योनची साल सोलून आतला गर खातं, वरच्या खोडावर फिकट पट्टा दिसला की ओळखा. आणि करडा कोल्हा मांजरासारखा झाडावर चढतो. तो नाही दिसला तरी पायवाटेवरच्या उंच दगडावर त्याची विष्ठा असेल, हिवाळ्यात ती निव्वळ ज्युनिपरच्या फळांची. काडीने उकलून बाबांना दाखवा, हातांनी नको. जंगलात मुरलेला माणूस तिथे दहा मिनिटं सहज रमतो.

जुलैच्या पावसाची वाट बघा. दुपारी तीनच्या सुमारास ढग चढतात, वीस मिनिटं कोसळतात, आणि काल धुळीची असलेली ओघळ गढूळ पाण्याने धावते. अशा पहिल्या मोठ्या सरीनंतर त्याच रात्री टॉर्च घेऊन सखल डबक्याशी जा. जमिनीतून बेडूक वर आलेले असतात. मागच्या पायाला फावड्यासारखी काळी कठीण कडा, डोळ्याची बाहुली मांजरासारखी उभी. वर्षातले बरेच महिने जमिनीत पुरून घेतलेले हे प्राणी विजेच्या गडगडाटाच्या कंपनांनी जागे होतात. एका रात्रीत जोड्या जुळतात, अंडी पडतात, आणि डबकं आटण्याआधी दोन-तीन आठवड्यांत पिल्लांना पाय फुटावे लागतात. पाणी लवकर आटू लागलं तर काही बेडूकमासे मोठ्या जबड्याचे होतात आणि दुसऱ्या बेडूकमाशांनाच खातात. मृगात आमच्या माळावर बेडूक ओरडू लागले की आजी म्हणायची, आता पेरा. इथे त्या आवाजाने मला नेमका तोच वास येतो, पहिल्या पावसाच्या ढेकळाचा.

त्याच दिवसांत सरड्यांकडेही नीट बघा, तुम्ही ‘दोन सरडे’ म्हणून सोडून दिलेत ते बरं नाही केलंत. पाठीवर फिकट पट्टे असलेला, झटके देत चालणारा लांबशेपट्या दिसला तर ती मादीच असायची शक्यता फार. त्यांच्या इथल्या काही प्रजातींत नरच नाहीत, माद्या अंडी घालतात आणि त्यांतून माद्याच निघतात. भाकरीसारखा चपटा, डोक्यावर काटेरी मुकुट असलेला शिंगाळा सरडा मुंग्यांच्या वारुळाजवळ बसलेला असतो. तो अंडी घालत नाही, पिल्लं देतो. कुत्र्या-कोल्ह्याने पकडलं तर डोळ्याच्या कडेतून रक्ताची चिळकांडी उडवतो, म्हणून पोरांना तो हाताळू देऊ नका. सप्टेंबर-ऑक्टोबरात संध्याकाळी गाडी हळू चालवा: रस्ता ओलांडणारे तळहाताएवढे काळपट कोळी म्हणजे मादी शोधत निघालेले टॅरँट्युलाचे नर. ते बिचारे थंडी पाहत नाहीत.

हिवाळ्यात ज्युनिपरची पाळी. टाउनसेंडचा सॉलिटेअर नावाचा करडा, सडसडीत पक्षी फळांनी लगडलेल्या झाडांचा एक तुकडा अडवतो आणि शेंड्यावर बसून भर थंडीत गातो. नर आणि मादी दोघंही आपापली फळं राखतात, नवराबायको असली तरी हिशेब वेगळा. ज्युनिपरवर पिवळट गुच्छ दिसले तर ते बांडगूळ, त्याच्या फळांवरही पक्षी हिवाळा काढतात.

पायाखालीही लक्ष हवं. झाडांमधली उघडी जमीन काळसर, खडबडीत, जळक्या पोळीच्या पापुद्र्यासारखी असेल तर ती जिवंत आहे. सूक्ष्म शेवाळांनी, दगडफुलांनी विणलेली ही कातडी वारा-पावसाला माती नेऊ देत नाही आणि हवेतला नत्र जमिनीत आणते. एका बुटाने मोडते, भरायला दशकं लागतात. म्हणून पायवाट सोडू नका. शिवाय विषारी खडखड्या साप (रॅटलस्नेक) पायवाटेवर लवकर दिसतो, झुडपात नाही.

एक गोष्ट माझ्या धंद्यातली, थोडी तक्रारीची. १९५०-६० च्या दशकांत दोन बुलडोझरांमध्ये जहाजाची नांगराची साखळी बांधून ही रानं मैलच्या मैल उपटली गेली, कारण काय तर गुरांना गवत. आता साखळी गेली, पण वणव्याच्या भीतीने विरळणी आली. घरांजवळ ती मला पटते, वणवे मी पाहिले आहेत. मात्र जुन्या, पिकणाऱ्या पिन्योनांचं रान ‘घुसखोर झुडूप’ म्हणून चिरडणं वेगळं. जिथे गवताळ माळावर नव्याने ज्युनिपर शिरलाय ते रान आणि तीनशे वर्षांचं रान नकाशावर एकाच रंगात रंगवलेलं असतं, माझ्या दृष्टीने सगळी गोची तिथे आहे. बैठकांमध्ये हे बोललं की लोक मान डोलावतात.

तर तुमच्यासाठी: सूर्योदयाला पोहोचा. घडीची खुर्ची न्या, बाबांना शंकू असलेल्या पिन्योनजवळ बसवा आणि तासभर हलू नका. यंदा पीक आहे का, हे आत्ताच कळेल, फांद्यांच्या टोकांना हिरवे शंकू शोधा. नसतील तर वीस-तीस मैल दुसऱ्या दिशेला जाऊन बघा. थवाही तेच करतो. उंची २,००० मीटरच्या घरात आहे, तेव्हा आई-बाबांना पाणी भरपूर पाजा. हाताला राळ लागली तर साबण चोळत बसू नका, चमचाभर गोडेतेल लावा, मग साबण.

आणि दाणे नका टाकू. दाण्यांना उंदीर येतात, उंदरांमागे साप, आणि शरदात अस्वल. त्याऐवजी पसरट मातीची थाळी घ्या, बोटभर पाणी, मधमाश्या बुडू नयेत म्हणून मधोमध एक दगड, सावलीत, मांजराला दबा धरता येणार नाही अशा जागी. रोज घासायची. आमच्याकडे पहिलं गिऱ्हाईक सव्वासहाला येतं, ज्युनिपर टिटमाउस, आपल्याकडच्या रामगंगा पक्ष्याचा करडा भाऊ, डोक्यावर तुरा. थाळी कोरडी दिसली तर खिडकीच्या चौकटीवर येऊन तो मला रागावतो.